हौद्याकडं पडणारी पडदी

मुडबीच्या आसपास बोअरची मोटार जळाली, की लोक आधी प्रेरणाला फोन लावतात. बसथांब्याजवळच्या तिच्या वाइंडिंगच्या दुकानात ना खुर्ची ना टेबल. सगळं काम जमिनीवर. मधोमध उघडून ठेवलेली मोटार, भोवती तांब्याच्या तारेची रिळं, आणि या पसाऱ्यात इकडून तिकडं पळणारा एक लाकडी पाट. पाटाला खालून बेअरिंगची चार चाकं. त्यावर बसून प्रेरणा हातानं एक रेटा देते आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पोचते. दीड वर्षाची असताना पोलिओनं तिच्या दोन्ही पायांतली ताकद गेली. आता ती छत्तीस वर्षांची आहे, आणि तिचे दंड बघून नवं गिऱ्हाईक जरा जपून बोलतं.

नुसतं दुकानात बसून काम करणं तिला कधी पटलं नाही. मोटार जळाली म्हणून लोक शेकडो फूट पाइप ओढून वर काढतात, आणि बिघाड निघतो केबलच्या सांध्यात, नाहीतर स्टार्टरमध्ये. बोअरवर जाऊन स्वतः बघितल्याशिवाय मोटारीला हात लावू नये, असं तिचं ठाम मत. त्यामुळं गेली आठ वर्षं ती आणि तिचा धाकटा भाऊ अमरदीप भाड्याच्या टेम्पोतून गावोगाव जात. अमरदीप टेम्पो चालवायचा, मोटार चढवायचा-उतरवायचा, आणि प्रेरणालाही चढवायचा-उतरवायचा.

हे शेवटचं तिला आवडत नसे. भावाबद्दल तक्रार नव्हती; तो प्रत्येक वेळी 'घेऊ का' असं विचारून मगच हात लावायचा. पण बाकीचे विचारत नसत. एकदा चिंचोलीकडच्या एका शेतात अमरदीप केबल आणायला गेला होता. तेवढ्यात दोन भल्या माणसांनी 'उन्हात कामून बसता' म्हणत तिला टेम्पोतून उचललं आणि लांब चिंचेखाली नेऊन बसवलं. तिचा पाट टेम्पोत, पाने-पकडी बोअरजवळ. तासभर ती चिंचेखाली बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत गावातल्या कुणीतरी स्टार्टरच्या तारा चुकीच्या जोडल्या. ती ओरडून सांगत होती, पण वाऱ्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मोटार तोपर्यंत चांगली होती. ती त्या दिवशी जळाली.

फेब्रुवारीत अमरदीपला गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली. मेच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. घरात आनंद झाला, आणि त्याच रात्रीच्या जेवणावर त्यांच्या आईनं, विमलबाईनं, पुढचं सगळं ठरवूनही टाकलं. प्रेरणानं आता बाहेर फिरायचं बंद करावं, लोक मोटारी दुकानात आणून देतील. एखाद्या ठिकाणी जायचंच पडलं तर मी संगं येते, मीच उचलते, असं ती म्हणाली. विमलबाईचं वय बासष्ट आणि दोन्ही गुडघे दुखरे. पंधरा दिवसांनी प्रेरणानं पिकअप घेतली.

गाडी जुनी होती, पण इंजिन ठणठणीत. विजेचे मनोरे उभारणाऱ्या एका कंपनीनं ती वापरून विकायला काढली होती. पुढं दोन ओळींच्या सीटची केबिन, मागं उघडा हौदा. प्रेरणाचं मन बसलं ते केबिन आणि हौदा यांच्या मधल्या भिंतीवर. कंपनीच्या लोकांना लांब पाइप न्यावे लागत, म्हणून त्यांनी केबिनची मागची भिंत कापून तिथं खाली पाडायची लोखंडी पडदी बसवून घेतली होती. वरच्या दोन कोपऱ्यांतल्या खिट्ट्या सोडल्या, की पडदी पुढं मागच्या सीटवर आडवी पडायची आणि हौदा नि केबिन एक व्हायचं.

तिनं गाडीभोवती पाटावरून दोन चकरा मारल्या आणि तिला सगळं दिसलं. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात मोटारी चढवायला खांब आणि साखळीची पुली बसवायचीच होती. शंभर किलोची मोटार उचलणारी साखळी आपल्यालाही उचलेल. ओढायला दंड आहेत. पाटासकट वर जायचं, हौद्यातून सरकत पडदीवरून केबिनमध्ये यायचं, ड्रायव्हरच्या सीटची पाठ मागं लोळवलेली असेल, तिच्यावरून सीटवर घसरायचं. ब्रेक, क्लच, ॲक्सिलेटर हातानं चालवायचे दांडे सोलापूरचा एक माणूस बसवून देणार होता, तसल्या गाडीचं लायसन तिच्याकडं होतंच. गाडीत बदल करायला आरटीओची परवानगीही तिनं रीतसर मागून घेतली. राहिली ती फक्त पडदी. पडदी पाडून पुढं येता येत होतं. पण ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर ते चाळीस किलोचं लोखंड मागं वळून उचलायचं कसं आणि वरच्या खिट्ट्या लावायच्या कशा, याला उत्तर नव्हतं.

ते उत्तर शोधायला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बहीण-भाऊ बीदरला, नौबादमधल्या गुरुशांतप्पांच्या शेडवर गेले. गुरुशांतप्पा साठीचे, कपाळाला विभूती, कानात ग्राइंडरचा आवाज मुरलेला, त्यामुळं बोलणं जरा मोठ्यानं. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी गाडी पाहिली, पडदी पाडून पाहिली आणि अमरदीपशी बोलायला लागले. तुमच्या बहिणीला बसायला सोय करून देतो, चढवायला एक पायरी लावतो, ड्रायव्हर कोण ठेवणार, असं बरंच काही. प्रेरणानं त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं.

"अप्पा," ती मग म्हणाली, "गाडी माझी हाय. चालवणार मी. मापं माझी घ्या."

गुरुशांतप्पांनी खाली पाहिलं. मग त्यांनी टेप काढला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. तिचा हात वर कुठपर्यंत पोचतो, मागं वळून कुठपर्यंत पोचतो, पाटावर बसल्यावर डोकं किती उंच, हे सगळं त्यांनी दारावर खडूनं लिहून घेतलं.

पडदी काढायला त्यांना अर्धा दिवस लागला. बिजागऱ्या गंजून बसल्या होत्या. दोन तापवून निघाल्या, एक कापावी लागली. पडदी उतरवून भिंतीला टेकवल्यावर त्यांनी केबिनच्या त्या चौकोनी भोकातून आरपार हात हलवला आणि म्हणाले, हे असंच उघडं ठेवा. ताडपत्रीचा पडदा लावून देतो, वजन गेलं, कटकट गेली. प्रेरणानं मान हलवली. माझ्या पाठीमागं मोटारी असणार, ती म्हणाली. मोटार पुढं सरकली तर ताडपत्री काय करणार? गुरुशांतप्पांना हे पटलं, पण ते आपल्याला आधी सुचलं नाही याचं त्यांना जरा वाईट वाटलं असावं, कारण त्यानंतर दोन दिवस त्यांनी कुणालाच मत विचारलं नाही.

त्यांनी जुन्या पडदीचे दोन भाग केले. डावीकडचा मोठा भाग होता तसा उभा ठेवून बोल्टनं चौकटीला पक्का आवळला. उजवीकडचा, ड्रायव्हरच्या मागचा, नवीन बनवला: पातळ पाइपची चौकट, वर हलका पत्रा, आणि वजन असं की प्रेरणा एका हातानं उचलेल. तो पूर्वीसारखाच पुढं, केबिनमध्ये पडायचा. वरच्या खिट्ट्या गेल्या. त्यांच्या जागी मध्यावर, तिच्या हाताच्या टप्प्यात एकच खिट्टी आली. धरून उचलायला नाड्याचा जाड पट्टा. मागच्या सीटचा उजवा अर्धा भाग काढून तिथं त्यांनी पत्र्याची पेटी बसवली. हौद्याची जमीन, पडलेली पडदी, पेटी आणि लोळवलेली सीट, सगळं जवळपास एका पातळीत आलं, फक्त चौकटीची खालची पट्टी जराशी वर राहिली.

प्रेरणानं पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा शेडमधलं काम थांबलं. तिनं पुलीचा हूक पाटाच्या चार दोऱ्यांत अडकवला, साखळी ओढत ओढत स्वतःला वर घेतलं, हौद्यात उतरली, पडदी ढकलून पाडली, पाटावरून पेटीपर्यंत आली, तिथून हातांवर सीटवर गेली. पाट मागून ओढून पेटीवर ठेवला, सीटची पाठ उभी केली, पट्ट्याला धरून पडदी उचलून मागं लावली, खिट्टी सरकवली आणि चावी फिरवली. चार मिनिटं लागली. घाम निथळत होता, पण कुणाचा हात लागला नव्हता. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही. पुढच्या वेळी तीन मिनिटांत जमेल, एवढंच मनात आलं.

गुरुशांतप्पा खूश होऊन म्हणाले, झालं काम. प्रेरणा म्हणाली, माल भरून बघितल्याशिवाय झालं म्हणू नका. शेडमागं नव्या प्लॉटचे रस्ते आखून ठेवले होते, वस्ती नव्हती. प्रेरणाकडं दुरुस्तीला आलेली एक जुनी मोटार हौद्यात टाकली, दोरीनं बांधली, आणि प्रेरणा अमरदीपला शेजारी बसवून त्या रस्त्यांवर गाडी फिरवू लागली. गाडी तिच्या हातात छान बसली होती. तिसऱ्या फेरीला वळणावर शेळ्यांचा कळप समोर आला. तिनं ब्रेकचा दांडा दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मोटार थांबली नाही. दोरी तुटून ती सरळ पडदीवर येऊन आदळली, खिट्टी उपटली गेली आणि पडदी धाडकन पुढं, प्रेरणाच्या सीटच्या पाठीवर पडली. सीट होती म्हणून डोकं वाचलं. तरी खांद्याला मुका मार लागला, आणि अमरदीपचं कोपर फुटलं.

शेडवर परत आल्यावर गुरुशांतप्पा ती वाकलेली खिट्टी हातात घेऊन उलटीसुलटी करत राहिले. दुपारचा डबा आला, तो त्यांनी उघडला नाही. शेवटी ते म्हणाले, माझी चूक हाय. जुनी पडदी परत जोडून देतो, दोन्ही बाजूंनी जाड बोल्ट लावतो, आणि बाई, तुम्ही ड्रायव्हर ठेवा. या वेळी ते तिच्याशीच बोलत होते, अमरदीपशी नाही. प्रेरणानं दोन दिवस मागून घेतले. गाडी तिथंच ठेवून दोघं बसनं मुडबीला आले.

विमलबाईनं खांद्यावरचा काळानिळा डाग पाहिला आणि तिची भीती रागात उतरली. कुणाला दाखवायचंय तुला, असं तिनं विचारलं. मी उचलत असताना तुला कधी खरचटलं तरी का? प्रेरणा म्हणाली, न्हाई खरचटलं. मग ती म्हणाली, "माय, तू उचलतीस तवा मला तुझे गुडघे वाजलेले ऐकू येतेत." विमलबाई तोंड फिरवून चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी प्रेरणा दुकानात एका विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल उघडून बसली होती. फूटव्हॉल म्हणजे पाइपच्या तळाशी बसणारी झडप. पंप पाणी खेचू लागला की झडप वर उघडते. पंप बंद झाला की पाइपमधलं पाणी परत खाली यायला बघतं आणि त्याच पाण्याचा भार झडपेला आपल्या बैठकीवर दाबून धरतो. जेवढं पाणी जास्त, तेवढी झडप घट्ट. आतलं चामडं झिजलं होतं, ते बदलायचं होतं. तिनं असले शेकडो फूटव्हॉल उघडले असतील. त्या दिवशी तिनं बोटानं झडप एकदा उघडली, एकदा मिटली, आणि तशीच हातात धरून बसली.

खिट्टी बारीक होती, दोरी जुनी होती, हे सगळं खरं. पण चूक तिथं नव्हती. पडदी पुढं पडत होती, आणि गाडी थांबल्यावर मालही पुढंच येतो. मालाचा धक्का आणि पडदी उघडायची दिशा, दोन्ही एकच. खिट्टी कितीही जाड लावली तरी ती कधीतरी उपटणारच. पडदी जर उलटी, हौद्याकडं पडणारी केली, आणि केबिनच्या बाजूनं चौकटीला लोखंडी अँगलची बैठक दिली, तर माल जेवढ्या जोरानं येईल तेवढी पडदी घट्ट बसेल. खिट्टी फक्त खडखड होऊ नये म्हणून.

तिनं लगेच फोन लावला. गुरुशांतप्पांनी ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हणाले. पडदी मालाच्या अंगावर उघडायची? माल भरल्यावर ती उघडणारच नाही, मग तुम्ही आत येणार कुठून? चाळीस वर्षांत त्यांनी असं केलं नव्हतं. ही अडचण खरी होती, आणि प्रेरणानं तिचा विचार फोन करण्याआधी केला होता.

"उजव्या अंगाची दोन फुटाची पट्टी माझी, अप्पा," ती म्हणाली. "ती माझी वाट हाय. वाटेवर माल ठिवायचाच न्हाई. मधी अँगल उभा करा, मोटारी सगळ्या डावीकडं."

पलीकडं ग्राइंडर बंद झाल्याचा आवाज आला. "या उद्या," गुरुशांतप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बहीण-भाऊ पोचले तेव्हा गुरुशांतप्पांनी हौद्यात खडूनं दोन फुटांची पट्टी आखून ठेवली होती. त्यांनी प्रेरणाकडं तिचा पाट मागितला. ती शेडच्या पायरीवर बसली. ते धोतर सावरून हौद्यात चढले, पाटावर बसले, पाय दुमडून घेतले आणि नुसत्या हातांनी केबिनकडं सरकू लागले. चौकटीच्या खालच्या पट्टीला पाटाचं चाक अडलं. त्यांनी जोर लावला, पाट तिरका झाला आणि ते कुशीवर कलंडले. शेडमधली माणसं हसली. गुरुशांतप्पा हसले नाहीत. त्यांनी त्या जागी खडूनं फुली मारली. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागं हात टाकला, पट्टा कुठं हवा, किती लांब हवा, ते स्वतःच्या खांद्याला ताण देऊन पाहिलं.

"दीड इंचाची पट्टी हाय ही," उतरल्यावर ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, काय न्हाई एवढ्यात."

"रोजचं हाय ते," प्रेरणा म्हणाली.

पुढचे तीन दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. प्रेरणाही रोज जात होती. खालची पट्टी त्यांनी घासून पातळ केली आणि दोन्ही बाजूंना उतार दिला. बिजागऱ्या हौद्याच्या बाजूला आल्या. केबिनकडून चौकटीला सगळीकडून दोन इंची अँगल फिरवून त्यावर रबर डकवलं, म्हणजे पडदी मिटली की धूळही आत येणार नाही. प्रेरणानं सुचवलं म्हणून पडदीच्या पत्र्यावर खरखरीत रबराची पट्टी चिकटवली, पाट घसरू नये यासाठी. वादही झाले. त्यांना पडदीला खिडकी नको होती, पत्रा कमजोर होतो म्हणून. तिला मागचा माल दिसायला हवा होता. शेवटी हातभर जाळीवर दोघांचं जमलं. ते तिला अजून 'बाई'च म्हणत होते, पण आता प्रत्येक भोक पाडायच्या आधी 'बगा बरं' म्हणत थांबत होते.

चौथ्या दिवशी पुन्हा प्लॉटच्या रस्त्यावर गेले. या वेळी शेजारच्या सीटवर गुरुशांतप्पा स्वतः बसले. अमरदीपला त्यांनी लांब उभं केलं. मागं तीच मोटार होती. मुद्दाम वाटेवरच, पडदीपासून तीन फुटांवर, न बांधता ठेवलेली. प्रेरणानं गाडी वेगात घेतली आणि ब्रेक दाबला. मागून धप्प असा आवाज आला, गाडीला हिसका बसला. पडदी हलली नाही. दुसऱ्यांदा तिनं आणखी वेगात घेतली. तिसऱ्या खेपेला गुरुशांतप्पांनी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि ओठांत काही पुटपुटत होते. मोटार आदळली. पडदीच्या पत्र्याला पोचा पडला, पण रबरावरून ती तसूभर सरकली नव्हती.

गाडी थांबवून गुरुशांतप्पांनी मागं वळून पाहिलं. "खिट्टी तर टिकली," ते म्हणाले.

"खिट्टी लावलेलीच न्हाई," प्रेरणा म्हणाली.

त्यांनी पुढं वाकून पाहिलं. खिट्टी उघडीच होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, परत खिट्टीकडं पाहिलं, आणि मग ते एवढ्या मोठ्यानं हसले की अमरदीप काय झालं म्हणून धावत आला. परतताना ते तिला विचारत होते, असलीच पडदी मालाच्या दुसऱ्या गाड्यांना बसवली तर तुमची काही हरकत? हरकत कसली, ती म्हणाली. पण वाटेवर माल ठेवायचा नाही हे गिऱ्हाइकाला लिहून द्या.

आरटीओत तपासणीला आलेला साहेब तरुण होता. त्यानं कागद पाहिले, दांडे पाहिले, पडदी चार वेळा पाडून उभी केली आणि तिला गाडीत चढून दाखवायला सांगितलं. ती चढली. तीन मिनिटांच्या थोडं आतच. त्यानं घड्याळ लावलं नव्हतं, पण तिनं मनात मोजलं होतं. सही झाली. एप्रिल संपायला चार दिवस बाकी होते.

गाडी मुडबीला घरासमोर आणून लावली तेव्हा विमलबाई दारातूनच बघत होती. जवळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा निघायच्या तयारीत असताना ती काठी टेकत आली, तिनं केबिनचं दार उघडलं आणि पत्र्याच्या पेटीवर हात ठेवला. ऊन अजून चढायचं होतं, तरी पत्रा तापायला लागला होता. ती काही न बोलता आत गेली. दोन दिवसांनी तिनं जुन्या लुगड्यांची चार पदरी गोधडी शिवून आणली, पेटीच्या बरोबर मापाची, कोपऱ्यांना बांधायला नाड्या. माप तिनं कधी घेतलं हे कुणाला कळलं नाही. बांधताना तिनं एकदाच विचारलं, मागून माल येणार न्हाई ना अंगावर? प्रेरणानं तिला पडदी दाखवली, ढकलून बघायला सांगितली. विमलबाईनं दोन्ही तळवे लावून जोर केला. मग ती मान हलवून बाजूला झाली.

अमरदीप एक तारखेला गुलबर्ग्याला गेला. चौथ्या दिवशी कमलापूरकडच्या एका गावातून लिंगम्माचा फोन आला. लिंगम्मा विधवा, तिची दोन एकर भाजी. बोअर कालपासून पाणी देत नव्हता. गावातला माणूस म्हणायलाय मोटार गेली, वर काढा, असं ती सांगत होती. प्रेरणा म्हणाली, काही काढू नका, मी येते.

ती एकटीच निघाली. खिडक्या उघड्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची कापलेली रानं, काळी माती भेगाळलेली. एका टेकाडाच्या चढावर मागं मोटार-पुलीचा खांब कुरकुरला, तेव्हा तिनं जाळीतून मागं पाहिलं. माल जागच्या जागी होता. शेतात पोचल्यावर तिनं गाडी उलटी घेऊन बोअरजवळ लावली, पडदी पाडली, साखळीनं खाली उतरली आणि पाटावरून स्टार्टरच्या पेटीकडं गेली. लिंगम्मा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती आधी गाडीकडं आणि मग प्रेरणाकडं बघत राहिली.

मीटर लावून पाहिलं तर मोटारीचं वाइंडिंग शाबूत होतं. स्टार्टरमध्ये पालीचं पिल्लू जळून बसलं होतं, वीज जोडणाऱ्या दोन पत्त्या काळ्या पडल्या होत्या. तिनं त्या बदलल्या, कॅपॅसिटरही बदलला आणि बटण दाबलं. बोअर आधी हवा ओकला, मग लालसर पाणी आलं, मग स्वच्छ. लिंगम्मा पाइपच्या तोंडाशी बसून दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारून घेत होती. तिनं सांगितलं, त्या गावातल्या माणसानं पाइप ओढायला आठ गडी सांगून ठेवले होते.

काम आटोपून प्रेरणा गाडीत चढून बसली, तेव्हा लिंगम्मा वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याकडं निघालेली होती. बसवकल्याणला बाजार होता, आणि बसला अजून तास होता.

"अक्का," प्रेरणानं खिडकीतून हाक मारली, "मी तिकडूनच जायलेय. बसा."

लिंगम्मानं टोपली हौद्यात ठेवायला उचलली. उजवीकडं नको, डावीकडं ठेवा, असं प्रेरणानं सांगितलं; का ते विचारून लिंगम्मानं टोपली डावीकडं सरकवली आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली. पहिले दोन किलोमीटर ती दांड्यांकडं बघत राहिली. मग तिनं पदरानं वारा घेतला आणि सुनेबद्दल बोलायला सुरुवात केली, आधी मराठीत, आणि रंगात आल्यावर कानडीत. सून बीदरला माहेरी जाऊन बसली होती, आणि तिला आणायला कुणी जायचं यावरून घरात आठ दिवस बोलणं बंद होतं. तुम्हीच जा की, प्रेरणा म्हणाली. लिंगम्मानं त्यावर विचार केला. शनिवारी तुम्ही बीदरकडं जायलाव का, असं तिनं विचारलं. प्रेरणाला शनिवारी नौबादला गुरुशांतप्पांकडं जायचंच होतं. दुसऱ्या एका गाडीला तसलीच पडदी बसत होती आणि त्यांनी बघून जा म्हणून निरोप पाठवला होता. सकाळी आठला रस्त्यावर उभ्या राहा, ती म्हणाली, आणि पुढं ट्रॅक्टर होता म्हणून तिनं हॉर्न दिला.